दम खा

शिट्टी वाजली आणि चार बॅकपैकी तिघे जिथे होते तिथेच लाल मातीत आडवे झाले. चौथा, ग्रेग पॅस्को, गोलचा खांब धरून ओकत होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मात्र वरात निघाल्यासारखा गोंधळ चालला होता. फॉरवर्ड मंडळी एकमेकांच्या खांद्यावर चढली होती आणि कोच बॅरी हॅलोरन टोपी हवेत उडवून ओरडत होता, "सिक्स, मेट! सहा गोल!"

"आणि खाल्ले पाच," सिप्रियन तुस्कानो म्हणाला. मराठीत म्हणाला आणि स्वतःशीच म्हणाला, कारण ऐकायला कोणी नव्हते. त्याने पाण्याची बादली उचलली आणि तो आपल्या चौघांकडे निघाला.

सिप्रियन मूळचा वसईकडचा, गिरीजचा. मुंबईला शिकला, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत उमेदवारी केली आणि बायकोला, थेरेसाला, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली तेव्हा तिच्या पाठोपाठ या सोन्याच्या खाणींच्या गावात येऊन पडला. इथल्या मायनिंग कॉलेजात तो सर्व्हेइंग शिकवायचा आणि दुपार कलली की फुटबॉल टीमच्या बचावफळीकडे बघायचा. 'बघायचा' हा शब्द हॅलोरनचा. पाहुणे आले की तो ओळख करून द्यायचा, "हा सिप. हा आपल्या बॅक्सकडे बघतो." जणू चार म्हातारी माणसे याच्याकडे सांभाळायला दिली होती.

सिप्रियन स्वतः बॅक होता. मुंबईच्या कॉलेजातून खेळला, वसईत गावागावांच्या सामन्यांत खेळला, त्यामुळे बॅकचे नशीब त्याला तोंडपाठ होते. फॉरवर्डने दहा संधी घालवल्या आणि एक साधली की त्याला खांद्यावर घेतात. बॅकने दहा वेळा अडवले तर त्यात काय मोठे, त्याचे कामच ते. एकदा हुकला की सगळे गाव नावे ठेवायला मोकळे.

हॅलोरनची विद्या एका ओळीत संपत होती. बॉल आला की पुढे मारा. तीन पासात गोलवर फटका. बॉल आडवा द्यायचा नाही, मागे तर मुळीच नाही. मागे पास दिला म्हणून त्याने एका पोराला भर सामन्यातून बाहेर काढले होते आणि पुढचे दोन सामने बाकावर बसवले होते. लोकांना हे फार आवडायचे. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात कालगुर्लीत शनिवारच्या दुपारी दुसरी करमणूक ती काय असणार? माणसे बियरचे डबे घेऊन यायची, गोलांचा पाऊस बघायची आणि खूश होऊन घरी जायची.

पण चढाई जितकी झटपट, तितकी ती झटपट संपते. गोल झाला तरी संपते, हुकला तरी संपते. बॅकने घाम पुसायला हात वर न्यावा तोवर बॉल परत आपल्याच दाराशी. पुढचे पळायचे पाखरांसारखे आणि त्यांच्या पळण्याची किंमत मागचे चौघे मोजायचे. पहिल्या हाफात ही पोरे भिंत असायची, दुसऱ्या हाफात त्या भिंतीचे पोपडे पडायला लागायचे. सोमवारी कँटीनमध्ये चर्चा एकच, काय फॉरवर्ड आहेत आपले, बॅक जरा बरे असते तर!

"बॅरी, पोरं वाईट नाहीत रे," त्या संध्याकाळी क्लबात सिप्रियन म्हणाला. "दमतात. तुझे फॉरवर्ड बॉल जरा वेळ स्वतःकडे ठेवतील तर मागच्यांना श्वास घेता येईल."

हॅलोरनने बियरचा फेस पुसला. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहायला हवे. त्याला फक्त स्वतःखेरीज कोणाचे ऐकू यायचे नाही.

"दमतात म्हणजे फिट नाहीत," तो म्हणाला. "पळव त्यांना, सिप. ट्रेनिंग झाल्यावर आणखी पळव."

दमलेल्या माणसाला आणखी पळवायचे हे औषध ऐकून सिप्रियनला हसू आले नाही. त्याने मान डोलावली, कारण मान डोलावणे त्याला चांगले जमायचे. परक्या गावात पाच वर्षे काढली की माणसाची मान त्या कामात तयार होते.

पण मान डोलावून झाल्यावर त्याने एक उद्योग केला. मंगळवारी बाकीचे कपडे बदलायला गेल्यावर त्याने आपल्या चौघांना जाळीमागे थांबवले.

"मी ओरडलो 'दम', की बॉल पुढे मारायचा नाही," तो म्हणाला. "पायाखाली धरायचा. मग तू याला दे, यानं त्याला द्यायचा. समोरचा धावत आला की गोलकीपरला. जरा वेळ काढायचा. छाती खाली बसली की मग मारा पुढे."

"डम?" ग्रेगने विचारले. या पोराचे पाय लांब होते आणि कान मोठे होते. सगळ्या टीममध्ये समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेणारा तो एकटाच.

"दम. पुरतं म्हणायचं तर 'दम खा'."

"अर्थ काय त्याचा?"

सिप्रियनने डोके खाजवले. "ब्रेथ. दम म्हणजे श्वास. खा म्हणजे खा."

"श्वास खायचा?" पोरे हसत सुटली. "श्वास कसा खातात, मेट?"

"सावकाश," सिप्रियन म्हणाला.

हे हॅलोरनला कळता कामा नये, एवढे सांगायची गरज पडली नाही. बाकावर बसवलेला पोरगा सगळ्यांनी पाहिला होता.

आणि उपाय लागू पडला. सिप्रियन रेघेवर उभा राहून बेताच्या आवाजात 'दम' म्हणायचा, ग्रेग बॉलवर पाय ठेवायचा, आडवा द्यायचा, आडवा घ्यायचा, आणि चौघांच्या छात्या खाली बसायच्या. हॅलोरन तेव्हा पुढच्यांवर ओरडण्यात दंग असायचा. टीम पाच गोल खायची ती दोन खायला लागली, कधी एक. "बघ, पळवल्याचा परिणाम!" हॅलोरनने सिप्रियनची पाठ थोपटली. सिप्रियनने मान डोलावली.

थंडी सरता सरता बातमी आली की हॅलोरनला पर्थला मोठी नोकरी मिळाली, सीझन संपला की तो जाणार. क्रीडा समितीचे अध्यक्ष प्रोफेसर लिडल यांनी सिप्रियनला कॉरिडॉरमध्ये गाठले आणि खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी टीम तुझी, सिप. यंदा लीगची ढाल तेवढी जिंकून द्या, म्हणजे कोणी काही बोलणार नाही."

त्या रात्री तो जेवणाच्या टेबलावर बोलतच सुटला. अकरा जण सगळे मिळून कसे दम धरतील, फॉरवर्डसुद्धा बॉल ठेवायला कसे शिकतील, लोक आधी ओरडतील, मग समजून घेतील. आमटी गार झाली तरी त्याचे बोलणे संपेना.

"तुला एवढं काय पडलंय रे त्या टीमचं?" थेरेसाने विचारले. "पगार वाढणार नाही की काही नाही."

"माझी असेल ना ती," तो म्हणाला. "इथं माझं म्हणावं असं काय आहे? घर कॉलेजचं, गाडी तुझ्या हॉस्पिटलची. जे शिकवतो ते पुस्तकातलं. एकदा तरी मला दाखवू दे, असं खेळता येतं म्हणून."

थेरेसाने आमटी पुन्हा गॅसवर ठेवली. नवऱ्याला काहीतरी इतके हवे आहे, हे तिने वसई सोडल्यापासून पहिल्यांदाच पाहिले होते.

*

ढाल हाताशी आली होती. इटालियन क्लबाविरुद्धचा सामना जिंकला की ती कॉलेजात येणार, नाहीतर सगळे पुढच्या, शेवटच्या शनिवारावर जाणार. सगळे गाव मैदानावर लोटले होते. डॉक्टर हेमचंद्र पटवर्धनही थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन आले होते. हे हॉस्पिटलातले छातीचे डॉक्टर, पुण्याचे, मॅट्रिकला संस्कृतात पहिले आलेले, आणि ही गोष्ट पहिल्या भेटीत सांगणारे. कालगुर्लीत मराठी बोलणारी घरे दोनच. त्यामुळे पटवर्धन आणि तुस्कानो यांची मैत्री होण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"काय तुस्कानो, आज काय म्हणते तुझी तटबंदी?"

"बघा तुम्हीच, डॉक्टर."

तटबंदी पहिल्या हाफात उभी होती. पण त्या दिवशी हॅलोरनच्या अंगात आले होते. ढाल दिसत होती, पर्थची माणसे बघायला आली होती. "फास्टर! फास्टर!" करत त्याने पोरांना असे पिटाळले की बॉल एकदा इकडे, एकदा तिकडे, मधे थांबणे नाही. तीन गोल केले, तीन खाल्ले. शेवटच्या काही मिनिटांत ग्रेगचे पाय लटपटायला लागलेले सिप्रियनला दुरून दिसत होते. आपल्याच गोलसमोर बॉल ग्रेगच्या पायात आला. इटालियनांचा नऊ नंबर अजून लांब होता. गोलकीपर मोकळा होता.

"दम!" सिप्रियन ओरडला. गर्दीच्या आवाजात बेताचे बोलणे पोचणार नव्हते म्हणून घशाच्या शिरा ताणून ओरडला. "दम! ग्रेग, दम! दम!"

"बूट इट!" तिकडून हॅलोरन गरजला. मार पुढे!

ग्रेगने बॉलवर पाय ठेवला. एरवी तो त्या पायावर गर्रकन वळला असता. आज पायात काही उरलेच नव्हते. तो वळता वळता गुडघ्यावर बसला, नऊ नंबरने बॉल त्याच्या पुढ्यातून उचलल्यासारखा नेला आणि गोल झाला. शिट्टी वाजली. इटालियनांच्या बाजूने भोंगे वाजायला लागले. ग्रेग मातीतच बसून राहिला.

सिप्रियन पळत त्याच्याकडे गेला. चूक आपली आहे हे त्याला त्याच क्षणी कळले होते. पोरात दम उरला आहे की नाही हे न बघता आपण 'दम' म्हटले. तो वाकून ग्रेगच्या पाठीवर हात ठेवणार, तोच स्टँडमधून एक भारदस्त माणूस उतरून आला. तो डग पॅस्को, ग्रेगचा बाप, मोठ्या खाणीचा अंडरग्राउंड मॅनेजर. टीमच्या जर्सी त्याच्या कृपेने यायच्या.

"माझ्या पोराला तू सगळ्या गावासमोर डम म्हणालास," तो म्हणाला. "एकदा नाही, चारदा. मी मोजलं."

इंग्रजीत डम म्हणजे मठ्ठ. लिहिताना शेवटी एक मुके अक्षर येते, उच्चारताना ते गिळायचे. आणि द आणि ड यांतला फरक ऑस्ट्रेलियन कानाला कळत नाही. सिप्रियनने पाच वर्षे इथे इंग्रजीत शिकवले, पण आपल्या तोंडातला हा शब्द बाहेर कसा ऐकू जातो, हे त्याच्या मनातही आले नव्हते. तो नुसताच बघत राहिला. बघत राहिला म्हणजे कबूल केले, असे पॅस्को धरून चालला.

*

"डॅड, इट डझ साउंड लाइक दॅट," घरी इव्हा म्हणाली. ती अकरा वर्षांची होती. "मी तुला सांगितलं होतं, डोन्ट से इट ॲट स्कूल. आठवतं? गेटवर? सगळी मुलं हसली होती."

"अगं, तू धावत येत होतीस म्हणून म्हटलं, दम खा."

"आय नो, डॅड. दे डोन्ट."

थेरेसा ड्युटीवरून आली होती. तिने बूट काढले आणि सगळे ऐकून घेतले. "मग सांग ना त्यांना, मराठी शब्द आहे म्हणून. यात लपवण्यासारखं काय आहे?"

लपवण्यासारखेच होते, हीच तर पंचाईत. शब्द मराठी आहे म्हटले की पुढचा प्रश्न येणार, मग पोराला मराठी कुठून कळते? मग जाळीमागची शिकवणी बाहेर येणार. चार पोरे सीझनभर कोचच्या पाठीमागे त्याचा हुकूम मोडत होती हे हॅलोरनला कळणार आणि तो चौघांना शेवटच्या सामन्यात बाकावर बसवणार. तो माणूस असा की ढाल गेली तरी बसवील. सिप्रियनने असाही विचार केला, तसाही केला. खरे बोलले तरी टीम जाणार आणि गप्प बसले तरी जाणार. फरक इतकाच की खरे बोलले तर चार पोरेही जाणार.

"मधला रस्ता आहे," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टरांना नेतो. ते समितीला नुसतं सांगतील, याच्या भाषेत दम म्हणजे श्वास. सवयीनं तोंडातून निघालं. संपलं."

"हेमचंद्रांना नेतोस?" थेरेसा म्हणाली. "नुसतं एवढंच सांगतील ते?"

"मोठा माणूस आहे. त्यांचा शब्द मानतील."

थेरेसाने त्याच्याकडे असे पाहिले, जसे ती सुई टोचण्याआधी पेशंटकडे बघत असे.

*

बुधवारी समिती बसली. टेबलाच्या एका बाजूला प्रोफेसर लिडल, हॅलोरन आणि डग पॅस्को, दुसऱ्या बाजूला सिप्रियन, त्याच्याशेजारी टाय लावून आलेले हेमचंद्र, आणि टोकाला खुर्चीत अंग चोरून बसलेला ग्रेग. गाडीतून येताना सिप्रियनने हेमचंद्रांना पुन्हा पुन्हा सांगितले होते. "डॉक्टर, फक्त श्वास म्हणा. बाकी काही नको."

"अरे, निश्चिंत राहा," हेमचंद्र म्हणाले होते.

लिडलनी नम्रपणे विचारले, "डॉक्टर, तुमच्या भाषेतल्या या शब्दाचा अर्थ आम्हाला सांगाल?"

हेमचंद्रांनी घसा साफ केला. मॅट्रिकनंतर इतक्या आदराने त्यांना कोणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता.

"दम हा मुळात संस्कृत शब्द," ते म्हणाले. "तिथं त्याचा अर्थ इंद्रियांवर ताबा. शम आणि दम, अशी जोडी आहे."

"म्हणजे आत्मसंयम," लिडल म्हणाले. त्यांना हे बरे वाटलेले दिसले. सिप्रियनचा जीव भांड्यात पडला.

"पण मराठीतला दम तो नव्हे," हेमचंद्र पुढे म्हणाले. "तो फारसीतून आला. त्याचा अर्थ श्वास."

"झालं, डॉक्टर," सिप्रियन मराठीत पुटपुटला. "बस करा."

"थांब रे, अर्धवट सांगणं बरं नव्हे. तर, श्वास. त्यावरून दमा, म्हणजे ॲस्थमा. मी रोज बघतो. त्यावरून दमणं, म्हणजे थकणं. आणि शिवाय दम देणं, दम भरणं असाही वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ..." त्यांनी नेमका इंग्रजी शब्द शोधायला छताकडे पाहिले आणि तो त्यांना सापडला. "टू थ्रेटन."



"धमकी?" पॅस्को म्हणाला.

"विशिष्ट प्रयोगात," हेमचंद्र म्हणाले. पण विशिष्ट प्रयोगाकडे आता कोणाचे लक्ष नव्हते.

सिप्रियनला राग आला, त्या तिघांचा नाही, या एकाचा. दोन घरे मराठीची, त्यातले एक हे. परक्याने पाय ओढला असता तर चालले असते. हा माणूस त्याच्या बाजूला, त्याच्या भाषेत, एकही खोटा शब्द न बोलता त्याला खड्ड्यात घालत होता आणि वर स्वतःवर खूश होता.

लिडलनी चष्मा काढला. "आपण एवढं खोलात जायला नको. ग्रेग, तू सांग. तुला तो शब्द कसा ऐकू आला?"

ग्रेगने मान वर केली. त्याने आधी बापाकडे पाहिले, मग हॅलोरनकडे, आणि शेवटी सिप्रियनकडे. त्या नजरेत मस्ती नव्हती, दगाबाजीही नव्हती. भीती होती. कोणीतरी येऊन बॉल आपल्या पायातून घ्यावा, एवढीच त्याची विनवणी होती. सिप्रियनने ते ओळखले, कारण ग्रेगची अशी नजर तो रेघेवरून वर्षभर बघत आला होता. त्याने अगदी थोडी मान हलवली. दे सोडून.

"डम, सर," ग्रेग म्हणाला. "मठ्ठ. मला तसंच वाटलं."

"थँक यू," लिडल म्हणाले.

मग सगळे भराभर उरकले. नोकरीला धक्का नाही, कॉलेज एवढे कोत्या मनाचे नाही. पण उद्या ट्रेनिंगच्या वेळी सिप्रियनने सगळ्या टीमसमोर ग्रेगची माफी मागायची. आणि टीमजवळ यापुढे न येणे बरे, मिस्टर पॅस्कोंच्या भावना लक्षात घेता. पुढच्या वर्षी टीम सांभाळायला कॅप्टन आहेच, फॉरवर्डमधला, तो पास होऊन इथेच शिकवायला राहतो आहे. बॅरीच्या तालमीतला. लिडलनी यावेळी खांद्यावर हात ठेवला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये हेमचंद्र गाडीचे दार धरून उभे राहिले.

"मी खोटं काय सांगितलं, तुस्कानो? शब्दाला जेवढे अर्थ आहेत तेवढे सांगितले."

"हो."

"मग असा का बघतोस?"

"डॉक्टर," सिप्रियन म्हणाला, "मला एकच लागत होता."

तो गाडीत बसला नाही. घरापर्यंत चालत गेला. थेरेसाने दार उघडले, त्याचा चेहरा पाहिला आणि चहा टाकला. ती 'मी सांगितलं होतं' म्हणाली असती तर त्याला बरे वाटले असते.

*

गुरुवारी दुपारी टीम मैदानावर अर्धगोल करून उभी होती. हॅलोरन घड्याळ बघत होता, शनिवारी शेवटचा सामना, वाया घालवायला वेळ नव्हता. सिप्रियन वर्गावरून तसाच आला होता, इस्त्रीची पँट, पायात काळे बूट. ग्रेगला पुढे बोलावले. बाकीचे तिघे बॅक मागे एकमेकांना चिकटून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. त्यांच्यापैकी एक जरी बोलला असता! एकानेही ब्र काढला नाही. सिप्रियनला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांनी बोलू नये असेही वाटले. दोन्ही गोष्टी एकाच छातीत धरून माणूस किती वेळ उभा राहणार?

"ग्रेग," तो इंग्रजीत म्हणाला, "शनिवारी मी तुला मठ्ठ म्हणालो. तू तसा नाहीस. मला माफ कर."

ग्रेगने काही बोलायला तोंड उघडले. त्याने हात पुढे केला. सिप्रियनने तो घेतला आणि लगेच सोडला, कारण आणखी थोडा वेळ धरला असता तर पोरगे सगळे बोलून गेले असते.

"गुड ऑन यू, सिप," हॅलोरन म्हणाला. "नो हार्ड फीलिंग्ज. चला, पोरांनो! हलवा पाय!"

शिट्टी वाजली आणि मागे धावपळ सुरू झाली. सिप्रियन फाटकाकडे चालू लागला. वळून बघायचे नाही असे त्याने ठरवले होते. कानांना मात्र वळावे लागत नाही. बॉलचे फटके, हॅलोरनचे "फास्टर", धावण्याचे आवाज, आणि त्यांच्या मागे जड श्वासांचे आवाज त्याला ऐकू येत होते. चारही श्वास त्याला वेगवेगळे ओळखता येत होते. जिवाला लागले ते हेच.

तो फाटकापाशी पोचला तेव्हा बॉल मागून घरंगळत आला. कोणाचा तरी फटका वाकडा गेला होता. बॉल त्याला मागे टाकून रस्त्यावर जाणार, तोच त्याने पाय पुढे करून तो अडवला. काळ्या बुटाखाली धरला.

"मिस्टर! बॉल!" लांबून एक फॉरवर्ड ओरडला. "कम ऑन, क्विक!"

आता सिप्रियनने वळून पाहिले. मैदान थांबले होते. फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून, वैतागून त्याच्याकडे बघत होते. हॅलोरन हात हलवत होता. आणि त्यांच्या पलीकडे, गोलसमोर, चौघे बॅक गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. त्यांच्या पाठी वर-खाली होत होत्या.

"क्विक, मेट!"

सिप्रियनने पाय हलवला नाही. तो तसाच उभा राहिला, बॉल बुटाखाली धरून, ऐकू न आल्यासारखा. फॉरवर्ड पुन्हा ओरडले, हॅलोरनने शिट्टी फुंकली. चौघांच्या पाठी सावकाश होत गेल्या. ग्रेग सरळ उभा राहिला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग सिप्रियनने बॉल परत केला.